खासदाराची वीणा

कीर्तन सुटलं म्हणून लगेच सतरंज्या झटकू नका गं बायांनो. कपाळाला बुक्का लागला, हातावर खडीसाखर पडली, आता घटकाभर माझ्याजवळ सरका. पुरुषमंडळींनाही ऐकायचं असेल तर त्यांनी खांबाच्या अलीकडे यावं, माझा आवाज आता लांब जात नाही. काल एका नव्या सुनेनं मला विचारलं, "आत्याबाई, ह्या भिंतीवरच्या पाटीत खासदारांची तीनच नावं कशी? पुढं गावाला खासदार नव्हता काय?" पोरीनं सहज विचारलं. मी ताट बाजूला सारलं. त्या पाटीची हकिकत सांगते. बुवांच्या आख्यानासारखी ती रंगणार नाही, आणि सांगताना माझी मान वर राहील याची खात्री देत नाही.

हे सगळं ह्याच मारुतीसमोर घडलं. हनुमान जयंतीचा सप्ताह होता, ऊन असं की मांडवाच्या तट्ट्यांतूनही चटका लागायचा. मी सप्ताहासाठी माहेरी आले होते. तुम्ही म्हणाल, माहेराची ओढ; पण खरी ओढ दादांच्या कीर्तनाची. माझे वडील, निवृत्तीबुवा तांगडे. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना ऐकलंय. त्यांनी नुसता 'रामकृष्णहरी' म्हणून हात वर केला तरी अंगावर काटा यायचा. लहानपणापासून माझ्या मनात देव कसा दिसतो, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, कीर्तनात उभे राहिलेल्या दादांसारखा.

सप्ताहाची वीणा तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या दिवशी ती गळ्यात पडली की काल्यापर्यंत जमिनीला टेकायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा पुढे होतो, देणारा घेणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवतो, घेणारा देणाऱ्याच्या, मग वीणा गळ्यातून गळ्यात जाते. त्या पायावर डोकं ठेवण्यातच सगळं आहे. नुसतं लाकूड आणि तार तर बाजारातही मिळते.

आणि आपल्या गावात त्यात एक जास्तीची रीत होती. पहिल्या निवडणुकीच्या आदल्या चैत्रात रावसाहेब मतं मागायला आले ते नेमके सप्ताहात. माझ्या आज्यानं पाहुणा म्हणून त्यांच्या गळ्यात वीणा घातली, आणि रावसाहेब निवडून आले. गाव म्हणायला लागलं, वीणेनं निवडून आणलं. तेव्हापासून जो कुणी खासदार होईल त्यानं काल्याच्या आदल्या दिवशी येऊन एक पहारा उभं राहायचं, असं ठरून गेलं. रावसाहेबांनंतर वकीलसाहेब झाले. त्यांनी वीणा उलटी धरली होती, तारा छातीकडे. त्यांच्यानंतर कारखान्याचे चेअरमन. ते फोटो निघेपर्यंत उभे राहिले आणि घाम पुसत जीपमध्ये जाऊन बसले. पण तिघांच्याही हातून वीणा घ्यायला, त्यांच्या पायावर डोकं ठेवायला गावात चढाओढ लागायची. एकदा तर त्यावरून दोघं चुलतभाऊ सहा महिने बोलत नव्हते.

मग आपला मतदारसंघ राखीव झाला.

"आता दिल्लीत आपला माणूस राहिला न्हाई," सरपंच भगवंतराव पारावर बसून म्हणाले होते. तरी मतं पडली, चिन्ह बघून पडली, आणि विश्राम सातपुते निवडून आले. तालुक्याच्या शाळेत मास्तर होते, सगळे सातपुते गुरुजीच म्हणायचे. चर्मकार समाजाचे. सडपातळ, पांढरा सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. गावानं मत दिलं, आणि चैत्र येईपर्यंत पुढचा विचार कुणाच्या डोक्यातही आला नाही.

त्या साली गावाला खासदाराची गरजही तशीच होती. आपली निम्मी शेतं रुळांच्या पलीकडे आहेत. आज तिथं फाटक आहे, तेव्हा नुसता उतार होता. आदल्या पावसाळ्यात यशवंता सुताराची बैलगाडी मालगाडीखाली आली. यशवंता गेला, त्याची नवी सून गेली, बैल गेले. सातपुते गुरुजी रातोरात आले होते. यशवंताच्या दारात भुईवर बसले आणि म्हणाले, "मी लोकसभेत विचारीन. फाटक होईल." त्यांनी प्रश्न दिला. कुणाचा प्रश्न घ्यायचा ते तिथं चिठ्ठ्या टाकून ठरतं; बऱ्याच वेळा दिल्यावर त्यांचा नंबर लागला. खासदाराच्या पहाऱ्याआधी दोन दिवस गुरुजींचा निरोप आला: पहाऱ्यानंतर दोन दिवसांनी सकाळी प्रश्न पुकारला जाणार आहे, तरी रीत मोडत नाही, दुपारचा पहारा करतो आणि ऊन उतरायच्या आत निघतो, म्हणजे जंक्शनला दिल्लीची गाडी सापडेल.

पहाऱ्याच्या दिवशी सकाळी दादांचं कीर्तन झालं. देव पाहुणा होऊन दारात येतो आणि घरातली माणसं त्याचे कपडे बघून त्याला ओसरीवरही बसू देत नाहीत, असं आख्यान त्यांनी लावलं होतं. "अरे, त्याच्या पायाला धूळ होती म्हणून तुम्ही दार लावलंत! पण ती धूळ तो तुमच्याच वाटेवरून घेऊन आला होता!" दादा असे काही आर्त बोलले की बायाच काय, पुरुषांनीही उपरण्यानं डोळे पुसले. मीही रडले. पोटभर रडले.

डोळे पुसतच मी स्वयंपाकाच्या मांडवात गेले. माझी माय, ठकूबाई, तिथं पिठाच्या परातीशी बसलेली असायची. सप्ताहभर ती कीर्तन ऐकायची ते तव्याच्या आवाजातून.

"माय, ऐकलं का? दादांनी आज गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांना पहारा दिलाय. गुरुजींच्या आधी धोंडिबा आणि गुरुजींच्या नंतर लहानू."

तिचे हात थांबले. "आपल्या लहानूला? पखवाजाच्या वाद्या आवळतो त्याला?"

"त्यालाच."

"सप्ताह सुरू झाल्यापासून वस्तीला कधी पहारा न्हाई मिळाला गं." तिनं पिठाचा हात कपाळाला लावला. "तुझ्या बापाला देवानं सुचवलं बघ. आज मी त्यांच्या ताटात तूप जास्त वाढीन."

मलाही असा अभिमान वाटला की मी तो चारचौघींत मिरवला. माझे दादा नुसते बोलत नाहीत, करून दाखवतात, असं मी शेजारणीला दोनदा सांगितलं.

दुपारी गुरुजींची जीप आली. त्यांनी चपला लांब, बाभळीखाली काढल्या, रांजणातून पाणी घेऊन स्वतःच पाय धुतले, आणि आत आले. धोंडिबा वीणा घेऊन उभा होता. म्हातारा हरखून गेला होता. आयुष्यभर त्यानं कीर्तन तट्ट्याबाहेरून ऐकलेलं. गुरुजी त्याच्या पायावर वाकले, तो गुरुजींच्या पायावर वाकला, आणि वीणा गळ्यात पडली. गुरुजींनी ती नीट धरली, डावा हात दांडीला, उजवं बोट तारेवर, आणि सुरात नाम घेतलं. टाळकरी चपापून एकमेकांकडे बघायला लागले. आजवरच्या खासदारांत वीणा वाजवता येणारा हा पहिलाच.

पहारा छान झाला. ऊन कळसावरून सरकलं, गुरुजींची वेळ संपली. लहानूचा पत्ता नव्हता.

भजन चालू राहिलं. गुरुजी उभे राहिले. जरा वेळानं त्यांनी दादांकडे बघितलं. दादांनी हातानं खूण केली: येईल, येईल.

बाहेर जीपच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"अरे, बघा की रं कुणी त्या लहान्याला," भगवंतराव पुटपुटले.

दादांनी बायकांकडे बघत मला हात केला. "कौसे, जा. लहानूला म्हणावं, पाळी झाली, पळत ये."

लहानू लांब नव्हता. मांडवाच्या मागं कडुनिंबाखाली बसला होता. अंघोळ केलेला, धुतलेलं धोतर, कपाळाला गंध. पहाऱ्याला येण्यासाठी पुरता तयार, आणि गुडघ्याला हातांची मिठी मारून बसलेला.

"लहानूदादा, चला की. गुरुजी खोळंबलेत."

"ठाऊक हाये."

"मग?"

"कौसाताई, एक इचारू? सप्ताहाला किती वरसं झाली, आमाला पहारा कधी दिलता?"

"नाही. म्हणून तर दादांनी या वर्षी—"

"या वरसीच का?" त्यानं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्याच्या डोळ्यात, असता तर बरं झालं असतं. "आणि सकाळी न्हाई, संध्याकाळी न्हाई, बराबर गुरुजींच्या अल्याड धोंडूकाका आन् पल्याड मीच का?"

 काय म्हणतोय ते मला एकदम कळलं, आणि कळलं तसं ते कळू नये असं वाटायला लागलं.

"आमच्यातल्यानंच त्याला द्यायची, आमच्यातल्यानंच त्याच्याकडून घ्यायची," लहानू म्हणाला. "म्हंजी गावातल्या कुणाला त्याच्या पाया पडावं लागत न्हाई. धोंडूकाकाच्या गळ्यात नुसती अडकवली, माझ्याकडूनबी तशीच काढतील; खासदाराशी तसं करता येत न्हाई, म्हणून मदी आमी. रीतबी राहिली, डोकंबी राहिलं. मलाबी आधी कळलं न्हाई, ताई. मीबी काल बायकोला नवं धोतर काढ म्हणलो. मग सरपंचाचा गडी हसत हसत बोलला, तवा ध्यानात आलं."

"दादांनी असं नाही केलं," मी म्हटलं.

"बुवांनीच पाळ्या लावल्या न्हवं?" तो शांतपणे म्हणाला. "पखवाजाच्या वाद्या मी आवळतो. ते कातडं सगळ्या सप्ताहात वाजतं, त्याचं कुणाला काय न्हाई. मी आता उठत न्हाई. गुरुजीला गावानं उभं केलंय, गावानं उतरवावं."

मी परत आले ते कशी आले मला आठवत नाही. दादांच्या कानाशी वाकून म्हणाले, "तो येत नाही."

"का?"

"म्हणतो, तुम्ही पाळ्या अशा का लावल्या ते त्याला कळलंय."

मला वाटलं होतं, दादा चिडतील, म्हणतील, काय हा खुळेपणा, मी असं करीन का! माझा सगळा जीव त्या एका वाक्याची वाट बघत होता. त्यांनी उपरणं नीट केलं आणि टाळकऱ्यांच्या रांगेकडे बघितलं. म्हणजे खरं होतं.

मग जे झालं ते मला आजही पुरतं सांगवत नाही. दादा हळू आवाजात एकेकाला विचारत रांगेतून फिरले.

"शंकरराव, तुम्ही घेता?"

"मला कालपासून पाठ धरलीय बुवा, वाकता येत न्हाई." हा माणूस सकाळी फुगडी खेळला होता.

"नाना?"

"आमच्यात भावकीचं सुतक हाय, इसरलात व्हय?" सुतक असताना नाना टाळ कसे वाजवत होते, ते मारुतीलाच ठाऊक.

तिसऱ्यानं नुसतं भजन मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली, ऐकूच आलं नाही असं दाखवून. भगवंतरावांचा भाऊ चिलीम ओढायला म्हणून उठला तो तट्ट्यामागे गेला.

"बुवा, तुम्हीच घ्या की मग," कुणीतरी मागून म्हणालं.

"कीर्तनकारानं पहारा करायचा नसतो," दादा म्हणाले. असा काही नियम मी तोवर ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही.

गुरुजी सगळं बघत होते. मांडव तो केवढा, न दिसायला काय झालं? ड्रायव्हर आत येऊन दारातूनच म्हणाला, "साहेब, आता निघालो न्हाई तर गाडी सापडत न्हाई. परवा तुमचा प्रश्न हाये."

भगवंतराव पुढे झाले. सरपंच होते, व्यवहारी माणूस. "गुरुजी, असं करा, त्या चौरंगावर ठेवा वीणा. चौरंग म्हंजी काय जमीन न्हाई. तुम्ही निघा. फाटकाचं बघा. आम्ही मागून उचलतो."

मी गुरुजींच्या तोंडाकडे बघत होते. ते दमले होते, सदरा पाठीला चिकटला होता. त्यांनी चौरंगाकडे बघितलं, दादांकडे बघितलं, आणि तारेवरचं बोट न थांबवता म्हणाले, "भगवंतराव, वीणा खाली ठेवली की सप्ताह मोडला."

"पण गाडी?"

"गाडी जाईल. उद्या दुसरी येईल. सप्ताह मोडला तर तो कुठून आणायचा?"

"पण आमचं फाटक, गुरुजी!"

गुरुजी नुसते रांगेतल्या एकेका माणसाकडे बघत गेले, आणि जो तो टाळांकडे बघायला लागला. फाटकही त्यांचंच होतं, सप्ताहही त्यांचाच. आणि दोन्ही वाचवायला फक्त कुणा एकानं वाकायचं होतं. त्या मांडवात यशवंता सुताराचा धाकटा भाऊही बसला होता, तोही हलला नाही.

भजन हळूहळू मंदावत गेलं. शेवटी फक्त गुरुजींचा आवाज राहिला, आणि वीणेची तार.

तेव्हा स्वयंपाकाच्या मांडवातून माय आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. भजन थांबलं म्हणून काय झालं ते बघायला आली होती. हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले. तिनं गुरुजींकडे बघितलं. 

"पोरगं कवाचं उभं हाये?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, पहारा कधीच संपला, पण कुणी वीणा घेत नाही. तिनं हात पदराला पुसले, बायकांची बाजू आणि पुरुषांची बाजू यांच्यामधली दोरी वर उचलली आणि तिच्याखालून पलीकडे गेली.

"ठके!" दादा म्हणाले. "काय करतीस?"

मायनं ऐकलं नाही. ती गुरुजींसमोर गेली आणि वाकली. आमच्या घरात माझ्या आजीच्या पाया जशी पडायची तशी, कपाळ टेकवून. गुरुजी एकदम मागे सरकले, मग त्यांच्या ध्यानात आलं, आणि तेही माझ्या मायच्या पायावर वाकले. बराच वेळ त्यांनी डोकं उचललं नाही. मग तिनं गळा पुढं केला.

बाईच्या गळ्यात वीणा कुणी पाहिली नव्हती. मांडवात कुजबूज उठली. मायनं तार छेडली, ती बेसूर लागली, आणि ती टाळकऱ्यांना म्हणाली, "तुमाला काय झालंय? म्हणा की. मला काय येतंय का ते?"

आणि भजन सुरू झालं.

तेवढ्यात लहानू उठून आला. मांडवात शिरून मायच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, "माय, द्या आता, तुमचा तवा जळतोय." दोघं एकमेकांच्या पाया पडली. लहानू पहाऱ्याला उभा राहिला. आणि सांगायची लाज वाटते, पण पुढचा पहारा नानांचा होता आणि त्यांनी मुकाट्यानं लहानूच्या पाया पडून वीणा घेतली. सुतक कुठं गेलं कोण जाणे. त्याच्यापुढे शंकररावांची पाठही वाकली. एका बाईनं आधी केलं म्हटल्यावर कुणाला काही अडलं नाही. इतकंच होतं ते. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्ही एका माणसाला उभं ठेवलं होतं.

मायनं गुरुजींना स्वयंपाकाच्या मांडवात नेलं, पिठलं-भाकरी हातावर दिली. ते उभ्यानंच जेवले.

"गाडी सापडंल ना रं, बाबा?"

"सापडेल, माउली," गुरुजी म्हणाले.

दारात उभा राहिलेला ड्रायव्हर काही बोलणार होता. गुरुजींनी त्याच्याकडे बघितलं, तो गप्प बसला.

गाडी सापडली नाही. लोकसभेत प्रश्न पुकारला गेला तेव्हा सदस्य गैरहजर होते, एवढं एका ओळीत वर्तमानपत्रात आलं. तालुक्याहून कुणीतरी तो कागद आणला होता. दादांनी वाचला आणि घडी घालून परत दिला. नंतर गुरुजींनी पत्रं लिहिली, खेटे घातले, पण त्यांचा नंबर पुन्हा लागला नाही, आणि मुदतीच्या आधीच निवडणुका आल्या.

मी तेव्हा बाळंतपणाला माहेरी होते. गुरुजींची सभा याच पाराजवळ झाली. गाव जमलं होतं. दादा पुढे, बाजेवर. आम्ही बायका देवळाच्या पायऱ्यांवर. गुरुजी बोलायला उभे राहिले तोच मागून आवाज आला, "फाटकाचा प्रश्न आला तवा कुठं झोपला होतात?"

आवाज ओळखीचा होता. त्या दिवशी तट्ट्यामागे चिलीम ओढायला गेला तोच, भगवंतरावांचा भाऊ. समोरच्या उमेदवाराची पत्रकं त्याच्याच हातात होती. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'फाटकाला दांडी मारणारा खासदार हवा कशाला?'

माणसं हसली. मांडवातलीच माणसं.

माय माझा हात आवळून पुटपुटली, "सांग की रं, लेकरा. सांग."

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, घातला. "खरं आहे," ते म्हणाले. "प्रश्न पुकारला तेव्हा मी सभागृहात नव्हतो."

"का नव्हता? कुठं होता?"

"गावात होतो," गुरुजी म्हणाले. कुठल्या गावात, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढं बोलून त्यांनी दादांकडे बघितलं. मागितलं काहीच नाही. नुसतं बघितलं, त्या दिवशी पहारा संपल्यावर बघितलं होतं तसं.

गाव दादांकडे बघायला लागलं. बुवांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. दादा बाजेवरून उठले. माय पायऱ्यांवरून अर्धी उठली, मीही पोटातल्या लेकरासकट ताठ झाले. मला वाटलं, आता ते बोलतील. त्यांचे ओठ हलले. कीर्तनात नाम घ्यायच्या आधी हलायचे तसे.

मग त्यांनी वाकून चपला घातल्या आणि मान खाली घालून घराकडे चालायला लागले.

त्यांना तिथं बसवेना, एवढंच होतं ते. त्यांना तोंड लपवायचं होतं. पण गावाला काय कळणार? बुवा सभा सोडून उठले म्हटल्यावर आधी बाजेवरची माणसं उठली, मग पारावरची, मग सगळीच. धोतरं झाडत, पत्रकं हातात घेऊन, दादांच्या मागं. बघता बघता पार मोकळा झाला. गुरुजींसमोर लहानू, धोंडिबा, वस्तीतली चार माणसं आणि आम्ही बायका तेवढ्या राहिलो. गुरुजींनी आम्हाला हात जोडले, बोलणं पुरं केलं, आणि गेले.

ते पडले. आपल्या गावातून त्यांना वस्तीची मतं तेवढी मिळाली.

त्या संध्याकाळी मायनं दादांना जेवायला वाढलं आणि पाठमोरी बसून म्हणाली, "उठलात ते उठलात. तोंड उघडून उठला असता तर काय गेलं असतं?" दादांनी ताटातच हात धुतले. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं कीर्तन करत होते, आणि मी जात राहिले, ऐकत राहिले, रडतही राहिले. खोटं का सांगू, त्यांच्यासारखं गाणारं मला पुन्हा कुणी भेटलं नाही. पण पाहुण्याचं आख्यान त्यांनी परत कधी लावलं नाही, आणि मीही ते लावा म्हटलं नाही. वडील होते. माया कमी झाली नाही. फक्त माया करताना खाली बघायची सवय लागली.

गावानं मग काय केलं? रीतच बंद केली. पुढच्या सप्ताहात कमिटीनं ठरवलं, देवाच्या दारात राजकारण नको, खासदाराची वीणा आता नको. सगळ्यांनी माना डोलावल्या. आधीच्या तीन नावांची संगमरवरी पाटी करून भिंतीत बसवली, आणि विषय संपवला. मतदारसंघाच्या हद्दी नंतर बदलल्या, आपलं गाव दुसरीकडे गेलं, फाटक झालं. मधल्या वर्षांत त्या रुळांवर काय काय झालं, ते मी इथं मारुतीसमोर सांगत नाही. फाटकावर ज्यांच्या नावाचा दगड आहे, त्यांनी ते बांधलं असेलही. मी त्यांचा काही अपराध मानत नाही.

तर बाई, तू विचारलंस, पुढं गावाला खासदार नव्हता काय? होता. त्यानं वीणा सरळ धरली होती. सप्ताह मोडू नये म्हणून आपली गाडी जाऊ दिली, आणि ज्यांनी उभं ठेवलं त्यांचं नाव कधी ओठावर आणलं नाही.

उद्या काला आहे. पहारे बदलताना तुम्ही एकमेकांच्या पायावर डोकं ठेवाल, तेव्हा क्षणभर मनात विश्राम सातपुते हे नाव घ्या. पाटीवर घालायला लावणार नाही मी, माझं कोण ऐकतं आता. पण डोकं खाली असतं तेव्हा नाव घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तेवढं घ्या.